पेटाऱ्यातले महाराज

तुरी कापणीला आल्या की माझे गुडघे दुखायला लागतात. मेहकरचे डॉक्टर म्हणतात, थंडीमुळं. त्यांचं शिक्षण मोठं आहे, पण त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलेलं नाही. हे दुखणं मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हापासूनचं आहे आणि ते बरोबर याच दिवसांत येतं. पहाटे हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवाची आंब धरलेली असते, खळ्यावर तुरीचं फोलपट उडून डोळ्यांत जात असतं, आणि शाळेच्या मैदानावर कुणीतरी मांडवासाठी खड्डे खणायला घेतलेले असतात. पहारीचा पहिला आवाज कानावर आला की गुडघे आपोआप पोटाकडं ओढले जातात. त्यांना वाटतं, आत बसायची वेळ झाली.

आमचं गाव दुसरबीडपासून आत. गावाला सांगण्यासारखं काही नाही, एक नाटक सोडलं तर. दर वर्षी पौषात ते होतं. महाराज बादशहाच्या कैदेत अडकतात, आजाराचं सोंग घेतात, मिठाईचे पेटारे वाटायला सुरुवात करतात आणि एक दिवस पेटाऱ्यात बसून निसटतात. गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आमच्या देवराव गुरुजींनी ती दोनशेपानी वहीत नाटक म्हणून उतरवली आणि शेवटी अशी एक गोम ठेवली की गाव तिच्यात कायमचं सापडलं.

गोम अशी. सुटका मंचावर होत नाही. पहारेकरी झाकण न उघडताच ‘जाऊ द्या’ म्हणतो, आणि चार भोई खराखुरा पेटारा बांबूवर उचलून मंचावरून खाली उतरतात. तिथून गावातून वेशीपर्यंत. पेटाऱ्यात खराखुरा माणूस असतो. दिवेलागणीची वेळ असते, कारण गुरुजींचा आग्रहच होता की महाराज उजेड आणि अंधाराच्या मधल्या वेळेलाच निसटले पाहिजेत. म्हणून नाटक दुपारीच सुरू होतं. वाटेत प्रत्येक दारासमोर पेटारा थांबतो. घरची बाई, सवाष्ण असो की विधवा, झाकणाला कुंकू लावते, आणि मग घरातलं कुणीतरी वाकून, बांबूच्या विणीला ओठ लावून महाराजांच्या कानात काहीतरी सांगतं.

हे सांगणं वहीत नव्हतं. कुण्या एका म्हातारीनं पहिल्या वर्षी तसं केलं म्हणतात. दुसऱ्या वर्षी दहा घरांनी, आणि मग तो रिवाज झाला.

मी आठ वर्षं महाराज होतो. अंगानं बारीक, आवाज मोठा, दाढी लवकर आलेली. एवढ्या भांडवलावर गुरुजींनी मला निवडलं. पहिल्या वर्षी पेटाऱ्यात बसायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “गजू, आत जे ऐकशील ते बाहेर काढाचं नाही. कोनाजवळच नाही. तू आत नाहीसच, असं समज.”

मी हसलो होतो. आत गेल्यावर हसू गेलं.

पेटारा मेहकरच्या बुरडानं विणलेला, आतून गोणपाट लावलेलं. बुंदीचा, तिळाच्या तेलाचा आणि आधीच्या महाराजांच्या घामाचा वास. गुडघे हनुवटीला, जिरेटोप मांडीत, तलवार बाहेरच ठेवलेली. विणीच्या फटींतून जग तुकड्यातुकड्यांनी दिसतं: एक जोडवं, लुगड्याचा काठ, कंदिलाचं बूड. आणि त्या तुकड्यांतून आवाज येतात. ते ओळखीचे असतात, पण असे कधी ऐकलेले नसतात.

“महाराज, पोराची परीक्षा हाये.” “महाराज, शेजारनीची म्हैस आटू द्या, लय माजली हाये.” एक मुलगी म्हणाली, “उद्या पाहुणे पाहाले येऊन राह्यले, त्यायले मी पसंत पडू देऊ नका.” एक म्हातारा काहीच मागायचा नाही, पाऊस कसा झाला, कोण गेलं, कुणाचं लग्न जमलं, असा वर्षभराचा वृत्तांत द्यायचा आणि ‘बरं, सांभाळून जा’ म्हणून बाजूला व्हायचा. आणि एका बाईचा आवाज, कुणाचा ते मी सांगणार नाही, नुसतं एवढंच म्हणाला होता, “तुमी तं सुटले. आमाले काऊन इथंच ठुलं?”

यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आत गजू बसलेला आहे. सकाळी याच लोकांनी मला विहिरीवरच्या मोटारीच्या फ्यूजला हात लावायला बोलावलेलं असायचं. पण पेटारा दारात आला की ते विसरत. सोंग करून कुणी तसं विसरत नाही. झाकणावर हात ठेवला की त्यांच्या लेखी आत महाराजच असत. इतक्या जुन्या, गेलेल्या राजाला त्यांच्या उंबरठ्यापुढं, त्यांच्याच बोलीत कळणारा कान फुटे. माझी अडचण एवढीच की तो कान माझा होता.

पुढं मी शाळेत ग्रंथपाल झालो तेव्हा महाराजांवरची पुस्तकं माझ्या ताब्यात आली. कपाट भरून आहेत. कादंबऱ्या, नाटकं, पोवाडे, मुलांसाठी मोठ्या टायपातल्या गोष्टी. त्यांच्या कडा पाहिल्या की कळतं, गाव काय वाचतं. राज्यकारभाराची पानं कोरी करकरीत. पेटाऱ्याचं प्रकरण मात्र बोटं लागून काळं पडलेलं, एका पुस्तकातून तर कुणीतरी सफाईनं कापून नेलेलं. शहरांच्या चौकात महाराज घोड्यावर असतात, हात पुढं केलेला. आमच्या गावात ते गुडघे पोटाशी घेऊन श्वास रोखून बसलेले असतात. मला वाटतं, ज्याचं जे अडलं असेल त्याला तेवढेच महाराज आठवतात. आमचं सगळंच अडलेलं होतं, म्हणून आम्ही त्यांना अडकलेल्या जागीच धरून ठेवलं.

एकदा मी गुरुजींना सांगायची चूक केली की महाराज पेटाऱ्यात नव्हतेच असंही काहींचं म्हणणं आहे. ते भोयाचा वेश घेऊन, पेटारा खांद्यावर टाकून निघाले. बादशहाचं काम करणारा आमचा चक्कीवाला बाजूलाच बसला होता. तो इतका दुखावला की त्या दिवशी त्यानं चक्की उघडली नाही. “मंग आमी इतले दिवस कोनाशी बोललो बे?” तो म्हणाला.

 

आता त्या वर्षाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय गुडघे स्वस्थ बसू देणार नाहीत.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि माय. शेत थोडं, त्यात माझं लक्ष आणखी थोडं. मला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागल्याचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि नाटक शनिवारी. मायला सांगायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्याच्या वहीतली वाक्यं मी छातीठोकपणे म्हणायचो, दरबारात बादशहापुढं गरजायचो, पण चुलीपुढं बसलेल्या एका बाईसमोर माझ्या तोंडून ‘मी जातो’ एवढं निघेना. तोंडात मूग धरून आठ दिवस काढले.

शेवटी मी वाट काढली, आणि ती काढल्यावर स्वतःवर खूश झालो. महाराजांसारखंच जायचं. माझा दोस्त रमेश तुरीनं भरलेले कट्टे घेऊन टेम्पोनं जालन्याला जाणार होता. माझी पिशवी त्याच्याकडं देऊन ठेवली: दोन सदरे, एक पँट, पत्र. पेटारा वेशीपाशी उतरला की झाकण उघडून मी बाहेर येणार, शेवटचं वाक्य म्हणणार, वेस ओलांडणार आणि थेट टेम्पोत चढणार. लोक टाळ्या वाजवत असतील तेव्हा माझी सुटका खरी झालेली असेल. पत्र नंतर पाठवता येईल. इतकी सुंदर सुटका गुरुजींनाही सुचली नव्हती.

पेटारा निघाला. दारं मागं पडत गेली. मी ऐकत नव्हतो. मी टेम्पोचा विचार करत होतो. मग आमचं दार आलं. फटीतून मायचे पाय दिसले, टाचांना भेगा पडलेले. झाकणावर कुंकवाचं बोट टेकलं. दर वर्षी ती काही न बोलता बाजूला व्हायची, म्हणायची की मले काय मागाचं. त्या वर्षी ती वाकली. तिचा श्वास माझ्या कपाळाला लागला.

“महाराज,” ती म्हणाली, “माह्या गजूले तेवढं जाऊ देऊ नका.”

भोयांनी पेटारा उचलला.

वेशीपाशी मी बाहेर आलो. शेवटचं वाक्य म्हटलं, चांगलं म्हटलं. वेस ओलांडली. टेम्पो सुरूच होता. रमेशनं दार उघडलं. “चाल बे, बस लवकर.”

“तू जाय,” मी म्हणालो.

“आन् नोकरी?”

“जाय म्हटलं ना.”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की ते मी विसरलेलो नाही. पिशवी खाली ठेवली आणि तो गेला. टेम्पोचा तांबडा दिवा वळणाआड होईपर्यंत मी जिरेटोप घालून रस्त्यात उभा होतो.

गुरुजींच्या वहीत शेवटची ओळ आहे: महाराज वेशीबाहेर जातात, पडदा. महाराजांनी परत कसं यायचं, तो प्रवेश त्यांनी लिहिलाच नाही. मी मागच्या बोळीनं आलो, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं अंगरखा वर धरलेला, कारण बोळीत चिखल होता. मायनं दार उघडलं. पिशवीकडं पाहिलं.

“काय हाये?”

“नाटकाचं सामान.”

तिनं ती माझ्या हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही सदरे धुऊन दोरीवर वाळत होते. पत्राचं नाव तिनं कधी काढलं नाही. काही महिन्यांनी देव्हाऱ्यातली तसबीर पुसताना ते मला तसबिरीच्या मागं सापडलं, घडी घालून ठेवलेलं. मी ते परत तिथंच ठेवलं.

तेव्हापासून एकच प्रश्न मी चावत बसलो आहे. ते वाक्य तिनं कुणाला सांगितलं? महाराजांना सांगितलं असेल तर मी ते ऐकायलाच नको होतं; चोरून ऐकलेल्या नवसावर मी माझं आयुष्य घालवलं. मला सांगितलं असेल, तर ती त्या दिवशी आमच्या साऱ्या गावात सगळ्यात हुशार नट होती. विचारायची सोय नव्हती. पेटाऱ्यातलं बाहेर काढायचं नसतं. आणि नाटकानंतर ती दर पौषात मारुतीच्या पारावर पाच पेढे ठेवायची, महाराजांनी ऐकलं म्हणून. ते पेढे मला प्रसाद म्हणून खावे लागत. मला तिचा राग यायचा, उघडच सांगतो. जेवताना यायचा, पेरणीत यायचा, रमेश पुण्याहून गाडी घेऊन आला तेव्हा फार आला. मग तिच्या टाचा दिसायच्या आणि राग कुठं ठेवावा ते कळायचं नाही.

शाळेची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. वाईट झालं असं कसं म्हणू? पण पेटारा काही उघडला नाही. कपाटाला कुलूप लावताना, ग्रामपंचायतीच्या बाकावर बसताना, लग्नाच्या पंगतीत वाढताना, सगळीकडं लोक मला ‘या महाराज’ म्हणत आले. दाढी काढली तरी महाराज. सुटकेसाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाचं नाव लावून मी एकाच गावात चौपन्न वर्षांचा झालो. याहून मोठा विनोद गुरुजींनी लिहिला नसता.

यंदा महाराजांच्या कामाला मुलगा मिळेना. जे आहेत ते जाडे आहेत किंवा मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. तेव्हा माझी मुलगी वैष्णवी म्हणाली, मी बसते. गावात दोन दिवस कुजबुज झाली, मग चक्कीवाल्यानंच निकाल दिला: “जिचा आवाज मले घाबरवीन तेच महाराज.” वैष्णवीनं एक वाक्य म्हणून दाखवलं. तो खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकला, आणि झालं.

तिला बंगळूरला नोकरी लागली आहे. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिनं माझ्यासारखं लपवलं नाही. पत्र आलं त्याच दिवशी चुलीपुढं बसून आजीला वाचून दाखवलं. माय ऐंशीची झाली आहे. तिनं सगळं ऐकलं, मान हलवून ‘हाव’ म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. मी ते मौन ओळखत होतो. ते दारात उभं राहणार होतं, झाकणावर हात ठेवणार होतं, आणि आतल्या मुलीनं ते ऐकलं की संपलं. वैष्णवी धीट आहे, पण मीही बादशहापुढं धीटच होतो. एका वाक्यानं माणूस कसा बसतो ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

मी आता भोयांत असतो, पुढं डाव्या बाजूला. शनिवारी पेटारा उचलला तेव्हा तो मला हलका वाटला. दारं येत गेली, आम्ही थांबत गेलो. लोक वाकून बोलत होते, मी दुसरीकडं पाहत होतो. मग वळण आलं आणि आमचं दार. माय उंबरठ्यावर उभी, हातात कुंकवाचा करंडा. कमरेत आधीच वाकलेली, म्हणजे तिला फारसं वाकावंही लागणार नव्हतं.

भोयाची रीत अशी की पुढचा थांबला नाही तर मागच्याला थांबता येत नाही.

“महाराज घाईत हायेत, माय,” मी म्हणालो, आणि पाय उचलला.

मागून कुणीतरी “अरे, अरे” केलं. करंडा धरलेला तिचा हात तसाच पुढं राहिला, तो मी पाहिला. वेशीपर्यंत मी मान वर केली नाही. वैष्णवी बाहेर आली, शेवटचं वाक्य असं म्हणाली की बाया रडल्या, आणि रविवारी सकाळी सहाच्या गाडीनं ती गेली. माय तिला सोडायला फाट्यापर्यंत आली. तिच्या पदरात तिळाच्या लाडवांचा डबा होता, रात्रीतून केलेला. नातीचा चेहरा तिनं दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “फोन करत जाय व पोट्टे.” एवढंच. रडली नाही, अडवलं नाही.

घरी आल्यावर ती ओट्यावर बसली. काठी भिंतीला टेकवून म्हणाली, “काल तू थांबला काऊन नाही बे?”

“सांगितलं ना, महाराज घाईत होते.”

“मले काई मागाचं नव्हतं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मले सांगाचं होतं.”

“काय सांगाचं होतं?”

“तुले कायले सांगू? त्यायले सांगाचं होतं. मांगच्या टायमाले म्या चुकीचं मांगलं म्हून.” मग ती हसली, दात नसलेलं हसू. “आता पुढच्या साली. राह्यली तं.”

मला वाटलं, जमीन फाटावी. आयुष्यभर मी मायनं माझं दार लावलं म्हणून कुढत राहिलो, आणि ती ते उघडायला आली त्या दिवशी मीच बांबू खांद्यावर घेऊन पुढं निघून गेलो होतो. मला तिचं भय वाटलं होतं. माझ्या लाडू करणाऱ्या, ऐंशी वर्षांच्या मायचं.

रविवार, शाळा बंद, किल्ली माझ्याकडं. “चाल माय,” मी म्हणालो. ती भिंत धरत, काठी टेकत आली. नाटकाचं सामान ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत असतं. पेटारा कोपऱ्यात होता, झाकणावर कालचं कुंकू. तिनं आत डोकावून पाहिलं.

“रिकामाच हाये,” ती म्हणाली. “रिकाम्याले काय सांगू?”

मी चपला काढल्या आणि आत पाय टाकला.

“काय करून राह्यला बे? हाडं मोडून घेशीन!”

“तू बोल,” मी म्हणालो. “मी आत नाहीच.”

बसायला फार वेळ लागला. गुडघे आता हनुवटीपर्यंत येत नाहीत. पोट मधे येतं. कसाबसा आखडून बसलो आणि झाकण ओढून घेतलं. तोच वास होता. फटींतून तिच्या टाचा दिसल्या, काठीचं टोक दिसलं. झाकणावर हात टेकला. ती वाकली, तिचा श्वास विणीतून कपाळाला लागला. मी ‘महाराज’ या शब्दाची वाट पाहत होतो.

“गजू,” ती म्हणाली, “लय आखडला असशीन ना रे बाप्पा, आतमंधी? इतल्या सालाचा?”

पेटाऱ्यातल्या माणसानं बोलायचं नसतं. झाकण तिनंच उचलायला घेतलं. तिच्या हातांना ते जड जात होतं, म्हणून मग मीही आतून जरा ढकललं.